बदली सैनिकाची, शाळा मुलांची
अहिल्यानगरात येणाऱ्या सैनिक कुटुंबांसाठी शिक्षणाच्या सोयी

लष्करी सेवा आणि बदली यांचे नाते अतूट आहे. दोन-तीन वर्षे एका ठाण्यावर काढावीत, तेथील हवापाणी अंगवळणी पडावे, शेजारपाजार जुळावा आणि तोच नव्या ठिकाणी रुजू होण्याचा आदेश हाती यावा, हा सैनिकाच्या संसाराचा परिपाठच होय. घरातील सामान ट्रंकांत भरून नेता येते; मुलांचे शिक्षण मात्र तसे उचलून नेता येत नाही. पाठ्यपुस्तके बदलतात, परीक्षा मंडळ बदलते, कित्येकदा शिक्षणाची भाषाही बदलते. दहावीच्या उंबरठ्यावरील मुलाचे वर्ष अशा वेळी वाया गेले, तर त्याची भरपाई कोणत्याही भत्त्याने होत नाही. यास्तव बदलीचा आदेश आल्यानंतर घर मिळेल काय, या प्रश्नाइतकाच शाळा कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अहिल्यानगरात येणाऱ्या सैनिक कुटुंबांना त्याचे उत्तर शोधणे सुलभ व्हावे, या हेतूने येथील शैक्षणिक सोयींची व त्यांमागील नियमांची माहिती या लेखात देण्यात येत आहे.

सैन्याचे जुने ठाणे

अहमदनगर शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे करण्यात आले. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मस्थान असलेले चौंडी हे गाव याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. नामांतर झाले असले, तरी अनेक जुन्या कागदपत्रांत अहमदनगर हेच नाव आढळते. बाहेरगावाहून अर्ज करणाऱ्या पालकांनी शाळेचा शोध घेताना दोन्ही नावे ध्यानात ठेवावीत.

या शहराशी सैन्याचा संबंध फार जुना आहे. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र व विद्यालय येथेच आहे. १९७९ मध्ये उभारण्यात आलेल्या यांत्रिक पायदळ रेजिमेंटचे केंद्रही येथे आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहनांविषयी संशोधन करणारी प्रयोगशाळा वाहननगर येथे काम करते. शहराला लागून असलेली भिंगारची छावणी नगरकरांच्या नित्य परिचयाची आहे. त्यामुळे पंजाब, राजस्थान, तामिळनाडू, आसाम अशा दूरदूरच्या प्रांतांतील कुटुंबे दरवर्षी या शहरात दाखल होत असतात.

शिक्षणाची परंपराही या शहराला आहे. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंनी एकोणिसाव्या शतकात येथे मुलींच्या शिक्षणाचे कार्य केले आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांच्याच संस्थेत घेतले. सैनिकांची मुले या शहरात येतात, ती अशा शिक्षणप्रेमी गावात येतात.

आधी मुदत पाहावी

शाळेची निवड करण्यापूर्वी एका गोष्टीचा निर्णय घ्यावयास हवा. नगर हे प्रामुख्याने प्रशिक्षणाचे ठाणे आहे. काही अधिकारी व जवान येथे अवघ्या काही महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी येतात, तर काहींची नेमणूक दोन-तीन वर्षांसाठी असते. अल्प मुदतीच्या प्रशिक्षणासाठी आलेल्या सैनिकाने मुलांना जुन्या शाळेतच ठेवणे बहुधा हिताचे ठरते. कारण एका वर्षात दोनदा शाळा बदलण्याचा ताण मुलांवर पडतो. दीर्घ मुदतीच्या नेमणुकीवर आलेल्या कुटुंबाने मात्र प्रवेशाचा विचार शक्य तितक्या लवकर करावा.

दुसरी बाब शैक्षणिक वर्षाची. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न शाळांचे वर्ष सर्वसाधारणपणे एप्रिलमध्ये सुरू होते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळा उन्हाळी सुटीनंतर जूनच्या मध्यास उघडतात. एका पद्धतीतून दुसरीकडे जाताना या अडीच महिन्यांचा हिशेब चुकतो. राज्य मंडळाच्या शाळेतील मुलाची वार्षिक परीक्षा संपण्यापूर्वीच केंद्रीय मंडळाच्या शाळेत पुढील इयत्तेचे वर्ग भरू लागलेले असतात. अशा वेळी जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना बदलीचा आदेश दाखवून निकालाविषयी आधीच बोलून ठेवणे श्रेयस्कर होय.

केंद्रीय विद्यालये

वारंवार बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच जी शाळा निर्माण झाली, ती म्हणजे केंद्रीय विद्यालय. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीनुसार भारत सरकारने नोव्हेंबर १९६२ मध्ये या योजनेस मान्यता दिली. १९६३-६४ या वर्षी सैन्याच्या २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन योजनेचा प्रारंभ करण्यात आला आणि १५ डिसेंबर १९६५ रोजी केंद्रीय विद्यालय संघटनेची नोंदणी झाली. म्हणजे या शाळांचा उगमच सैन्याच्या छावणीतील आहे. आज देशभर अशी १,२०० हून अधिक विद्यालये असून सर्वत्र एकच अभ्यासक्रम, एकच शैक्षणिक वर्ष आणि हिंदी-इंग्रजी हे समान माध्यम आहे. जोधपूरच्या विद्यालयात सहावीचा अर्धा धडा शिकलेला मुलगा नगरला आला, तरी पुस्तक तेच राहते.

नगरमध्ये संरक्षण विभागाच्या परिसरात एकाहून अधिक केंद्रीय विद्यालये आहेत. वाहननगरच्या वसाहतीसाठी स्वतंत्र विद्यालय आहे. निवासस्थान कोणत्या भागात मिळते ते पाहून विद्यालय निवडल्यास मुलांचा रोजचा प्रवास वाचतो.

येथील प्रवेश प्राधान्यक्रमानुसार दिले जातात. केंद्र सरकारचे कर्मचारी, सैनिक व माजी सैनिक यांच्या पाल्यांना पहिले स्थान आहे. त्यातही गेल्या सात वर्षांत पालकाच्या किती बदल्या झाल्या, त्यावरून क्रम ठरतो. बदली मोजताना दोन अटी आहेत : दोन ठिकाणांतील अंतर किमान २० किलोमीटर असावे आणि आधीच्या ठिकाणचे वास्तव्य किमान सहा महिन्यांचे असावे. यास्तव प्रत्येक बदलीचा दाखला कार्यालयाकडून घेऊन जपून ठेवणे अगत्याचे आहे. कागद हरवला, तर बदली झालेली असूनही ती हिशेबात धरली जात नाही.

पहिलीच्या प्रवेशाची नोंदणी साधारणतः मार्च महिन्याच्या सुमारास ऑनलाइन पद्धतीने होते. वयाची सहा वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. दुसरी व त्यापुढील इयत्तांचे प्रवेश जागा रिकाम्या असतील तरच होतात आणि त्यांची नोंदणी बहुधा एप्रिलच्या प्रारंभी होते. बाहेरच्या शाळेतून नववीत येणाऱ्या विद्यार्थ्यास प्रवेश परीक्षा द्यावी लागते. केंद्रीय विद्यालयाचाच दाखला घेऊन दुसऱ्या केंद्रीय विद्यालयात येणाऱ्या मुलाचा मार्ग पुष्कळच सुकर असतो. म्हणूनच ज्यांची सेवा अद्याप बरीच शिल्लक आहे, अशा पालकांनी मूल पहिलीत असतानाच या शाळांचा विचार करावा. एकदा प्रवेश झाला, की पुढील प्रत्येक बदलीच्या वेळी त्याचा लाभ मिळत राहतो.

खर्चाच्या दृष्टीनेही या शाळा सामान्य जवानास परवडणाऱ्या आहेत. विद्यालय विकास निधी दरमहा ५०० रुपये असून शिक्षण शुल्क नववीपासून, तेही केवळ मुलांना, आकारले जाते. मुलींना ते माफ आहे. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत वीरमरण आलेल्या किंवा जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पाल्यांनाही शुल्कमाफीची तरतूद आहे.

आर्मी पब्लिक स्कूल

दुसरा पर्याय आर्मी पब्लिक स्कूलचा. आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या शाळा देशातील बहुतेक मोठ्या लष्करी ठाण्यांवर चालतात. नगरमध्येही अशी शाळा आहे. या शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असून प्रवेशात सेवेतील सैनिकांच्या पाल्यांना अग्रक्रम असतो, त्यानंतर माजी सैनिकांचा व जागा उरल्यास नागरी कुटुंबांचा विचार होतो. शुल्क केंद्रीय विद्यालयापेक्षा अधिक असते. मात्र वर्षाच्या मध्यास बदली होऊन आलेल्या मुलांची अडचण या शाळांना नित्य परिचयाची असते, हा मोठाच आधार होय. केंद्रीय विद्यालयात जागा नसल्यास या शाळेत तत्काळ चौकशी करावी.

राज्य मंडळाच्या शाळा आणि मराठीचा प्रश्न

नगर शहरात व भिंगारला मराठी तसेच इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळा आहेत. राज्य मंडळाच्या मराठी शाळेचा लाभ मुख्यत्वे दोन प्रकारच्या कुटुंबांना होतो : ज्यांची मातृभाषा मराठी आहे अशांना, आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्रातच स्थायिक होण्याचा ज्यांचा विचार आहे अशांना.

महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय अनिवार्य केला व २०२०-२१ पासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. पंजाबहून थेट सातवीत येणाऱ्या मुलीला हा विषय प्रथमच भेटतो. तिच्यासाठी शाळेत कोणती व्यवस्था आहे, मूल्यमापन कसे होते, याची विचारणा प्रवेश घेतानाच करावी. मुले भाषा लवकर शिकतात. छावणीच्या बाहेरील मुलांबरोबर खेळू लागलेले मूल सहा महिन्यांत मराठीत भांडू लागते, असा येथील अनेक पालकांचा अनुभव आहे. भाषेच्या भीतीने चांगली शाळा नाकारण्याचे कारण नाही. मात्र दहावीच्या वर्षी माध्यम बदलणे टाळावे.

दाखला उशिरा आला तर?

बदलीच्या काळात सर्वांत अधिक त्रास दाखल्याचा होतो. जुनी शाळा हजार मैल दूर राहते आणि दाखला टपालात अडकतो. याबाबत कायदा पालकांच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यानुसार शासकीय वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क बालकास आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावयाचा असतो आणि दाखला मिळण्यास विलंब झाला, या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश लांबणीवर टाकता येत नाही अथवा नाकारता येत नाही. जन्माचा दाखला नाही, हेही प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. प्रवेशाची मुदत टळून गेली, या सबबीवरही बालकास परत पाठविता येत नाही. वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळालेल्या मागे पडलेल्या मुलास विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद त्यात आहे.

या तरतुदी सहा ते चौदा वर्षे वयाच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहेत, आणि खासगी विनाअनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क त्यांत अंतर्भूत नाही, हे लक्षात ठेवावे.

सोबत ठेवावयाच्या कागदांची यादी लहान, परंतु महत्त्वाची आहे : शाळा सोडल्याचा दाखला, मागील वर्षाचे प्रगतिपुस्तक, जन्माचा दाखला, आधार कार्ड, बदलीचा आदेश व मागील सात वर्षांतील बदल्यांचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला असल्यास तो, आणि विद्यार्थ्याचा कायम शिक्षण क्रमांक. हा क्रमांक आता देशभर प्रत्येक विद्यार्थ्यास दिला जातो. जुन्या शाळेने आपल्या नोंदीतून मुलाला मोकळे केले, तरच नव्या शाळेस त्याची नोंद करता येते. तेव्हा निघण्यापूर्वी तेवढे काम करवून घ्यावे.

नववी ते बारावी : विशेष दक्षता

पाचवी-सहावीपर्यंतचे मूल नव्या शाळेत सहज रुळते. नववीपासून मात्र प्रश्न निराळा होतो. केंद्रीय मंडळाच्या परीक्षेसाठी विद्यार्थ्याची नोंदणी नववीत व अकरावीतच होते. दहावी आणि बारावी या इयत्तांत थेट प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या कारणास्तव व मंडळाच्या नियमांनुसारच मिळतो. परीक्षार्थींच्या याद्या मंडळाकडे गेल्यानंतर शाळा बदलणे फारच कठीण होते.

समजा, एखाद्या हवालदाराची बदली नोव्हेंबरमध्ये नगरला झाली आणि त्याची मुलगी दहावीत आहे. अशा वेळी मुलीची परीक्षा होईपर्यंत कुटुंबाने जुन्या ठाण्यावरच राहावे व सैनिकाने एकट्याने रुजू व्हावे, हा मार्ग पुष्कळ जण पत्करतात. पाच महिन्यांचे दोन घरांचे ओझे जड वाटते खरे. पण वर्ष वाचते. निवासस्थान तेवढी मुदत ताब्यात ठेवता येईल काय, याची चौकशी आदेश आल्याबरोबर आपल्या पलटणीच्या कार्यालयात करावी.

राज्य मंडळाच्या अकरावीत प्रवेश घ्यावयाचा असल्यास, २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात केंद्रीभूत ऑनलाइन पद्धत लागू झाली आहे, हे ध्यानात ठेवावे. पूर्वी काही मोठ्या शहरांपुरती असलेली ही पद्धत आता नगर जिल्ह्यासही लागू आहे. तेव्हा महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन प्रवेश मागण्यापेक्षा वेळापत्रकाप्रमाणे अर्ज भरणे आवश्यक आहे.

बारावीनंतर अभियांत्रिकीच्या प्रवेशांत महाराष्ट्रात संरक्षण दलातील पाल्यांसाठी ५ टक्के जागा राखून ठेवण्यात येतात. महाराष्ट्राचे अधिवासी नसलेल्या, परंतु बदलीने येथे आलेल्या सेवेतील सैनिकांच्या पाल्यांचाही त्यात स्वतंत्र प्रवर्ग आहे. ही माहिती नसल्याने तिचा लाभ काही कुटुंबांकडून घेतला जात नाही.

निवासी शाळा : बदलीवरचा उपाय

मुलाने एकाच शाळेत स्थिर राहावे, असे वाटणाऱ्या पालकांसाठी निवासी शाळांचा मार्ग आहे. देशातील पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाले. चंद्रपूरचे सैनिक स्कूल २०१९ मध्ये उघडले. सहावीत व नववीत अखिल भारतीय प्रवेश परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. सहावीसाठी वय १० ते १२ वर्षे आणि नववीसाठी १३ ते १५ वर्षे असावे लागते. सेवेतील व माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी जागा राखीव असतात. २०२१-२२ पासून या शाळांची दारे मुलींनाही खुली झाली आहेत. खासगी व स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाने नवी सैनिक स्कूले काढण्याची योजना केंद्र सरकारने हाती घेतली. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या २१ शाळांत नगर जिल्ह्यातील पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या नावाच्या शाळेचा समावेश आहे.

राज्याच्या धोरणानुसार १९९० च्या दशकापासून ठिकठिकाणी निघालेल्या ‘सैनिकी शाळा’ याहून भिन्न आहेत. नावातील साम्यामुळे गोंधळ होतो. अर्ज करण्यापूर्वी शाळा कोणत्या योजनेतील आहे, याची खात्री करून घ्यावी. राष्ट्रीय मिलिटरी स्कूले देशात पाच असून त्यांतील बेळगावचे महाराष्ट्रास जवळचे आहे.

पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीच्या निवड परीक्षेस बसणारा विद्यार्थी याच जिल्ह्यातील रहिवासी व येथील शाळेत पाचवीत शिकणारा असावा लागतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. बदलीने आलेल्या कुटुंबापेक्षा ज्यांचे बिऱ्हाड गावी आहे, अशा जिल्ह्यातील जवानांना या विद्यालयाचा लाभ अधिक होण्यासारखा आहे.

गावी राहणारी कुटुंबे

सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांची परंपरा या जिल्ह्यातही आहे. सैनिक सीमेवर आणि पत्नी-मुले गावी, असे चित्र अनेक गावांत दिसते. पतीची नेमणूक कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी झाली, की आसामात दुसरी शिकलेले मूल गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत येते. घरात इंग्रजी वा हिंदीतील अभ्यास समजावणारे कोणी नसते आणि सारा भार एकट्या आईवर पडतो. अशा मुलांकडे शिक्षकांनी पहिली दोन-तीन महिने विशेष लक्ष द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. गावात माध्यमिक शिक्षणाची सोय नसल्यास राज्याच्या सैनिक कल्याण विभागामार्फत सैनिक व माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी चालविल्या जाणाऱ्या वसतिगृहांचा आधार घेता येतो. त्याविषयीची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते.

आर्थिक साहाय्य

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांप्रमाणेच सैनिकांनाही दोन अपत्यांपर्यंत बाल शिक्षण भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून त्याचा दर प्रत्येक मुलामागे दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे असा असून वसतिगृहासाठीचे साहाय्य दरमहा ८,४३७ रुपये ५० पैशांपर्यंत आहे. दिव्यांग मुलांच्या बाबतीत शिक्षण भत्ता दुपटीने दिला जातो. आर्थिक वर्ष संपल्यावर शाळेच्या मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र जोडून मागणी करावयाची असते. वर्षाच्या मध्यास शाळा बदलली असेल, तर जुन्या शाळेचे प्रमाणपत्र निघतानाच घेतलेले बरे; नंतर त्यासाठी पत्रव्यवहार करीत बसावे लागते.

थोडक्यात सांगावयाचे, तर क्रम असा असावा : बदलीचा आदेश हाती येताच नेमणुकीची मुदत आणि मुलाची इयत्ता पाहावी, केंद्रीय विद्यालयात व आर्मी पब्लिक स्कूलमध्ये एकाच वेळी चौकशी करावी, दाखला व बदल्यांची प्रमाणपत्रे निघण्यापूर्वी मिळवावीत, दहावी-बारावीचे वर्ष असल्यास घर हलविण्याची घाई करू नये.

शाळेच्या बाकावर दरवर्षी नवा शेजारी मिळणारी ही मुले दोन-तीन भाषा शिकतात आणि अनोळखी माणसांत चटकन मिसळतात. बदलीने त्यांना दिलेली ही शिदोरी मोठी आहे. परंतु तिच्या मोबदल्यात त्यांचे एखादे शैक्षणिक वर्ष खर्ची पडता कामा नये. सीमेवरील सैनिकास मुलांच्या शाळेची काळजी उरू नये, यासाठी नियम आहेत आणि सोयीही आहेत. नव्याने आलेल्या मुलास वर्गात जागा करून देणारा शिक्षक आणि कागदपत्रे वेळेवर जमविणारे पालक यांची साथ मिळाली, की त्या सोयींचा लाभ मुलापर्यंत पोहोचतो.